उंदरानं नेलेला कागद

फॉर्म एकच होता. पिवळसर कागद, वर शाळेचा शिक्का आणि कोपऱ्यात निळ्या शाईनं घातलेला एकतीस नंबर. नववी-दहावीच्या मुलींची चार दिवसांची सहल, एसटीची बस, मुलींसाठी सीटा पंचेचाळीस, म्हणून फॉर्मही पंचेचाळीसच. मॅडमनं वर्गात बजावलं होतं, हरवला तर दुसरा मिळणार नाही, मागं रांग लागलीय. सोमवारी प्रार्थनेच्या आधी पालकाची सही आणि पैसे, दोन्ही टेबलावर.

शुक्रवारी सांजेला प्रीतीनं तो आईच्या हातात दिला. बेबीनंदा सातवीपर्यंत शिकलेली. चुलीच्या उजेडात कागद धरून ती सावकाश वाचायला लागली, ओढ्यातल्या दगडावरून दगडावर पाय टाकावा तशी अक्षरावरून अक्षरावर. रायगड. मुरूड-जंजिरा. हरिहरेश्वरचा समुद्र. आणि मधेच एक बारीक ओळ : महाड, चवदार तळे.

त्या ओळीवर तिचं बोट थांबलं, आणि तव्यावरची भाकर करपली.

हसनाबादच्या विहारातल्या बायका दरसाल वीस मार्चला महाडला जायच्या. पांढऱ्या साड्या नेसून, टेम्पो ट्रॅव्हलर करून, रात्रभर गाणी म्हणत. परतल्या की पुढचे पंधरा दिवस धुण्यावर, नळावर, कापसाच्या पातीत तळ्याशिवाय दुसरं बोलणं नसायचं. एक म्हणायची पाणी हिरवं, दुसरी म्हणायची निळं. बेबीनंदा ऐकून घ्यायची. तिचं जाणं दर साली राहायचं. एकदा सासू आजारी पडली, एकदा कोरोना आला, बाकीच्या सालांत पैसेच नव्हते. म्हणून दोन वर्षांपासून वेचणीच्या पैशातले थोडे थोडे तिनं तूरडाळीच्या डब्यात टाकले होते. यंदा विहारातल्या पुष्पाबाईच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. पुष्पाबाई म्हणाली होती, "बेबीनंदा, खिडकीची सीट तुझी. लई वाट बघितलीस माय."

फॉर्मवर लिहिलं होतं तीन हजार चारशे. डब्यातही जवळपास तेवढेच.

संपत, तिचा नवरा, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता. मोटरसायकलवरून येऊन हातपाय धुऊन जेवायला बसला, आणि बायकोनं काही म्हणायच्या आतच बोलला,

"डब्यातले हायेत न्हवं? ते देऊन टाक. बूट अन् खाऊचा खर्चा मी बघतो. दोन पाळ्या जास्तीच्या करतो."

"ते माझ्या महाडचे हायेत."

"तू पुढल्या साली जाय. तळं कुठं पळून चाललं का?"

"मंग समुद्र कुठं पळून चालला?"

"समुद्र न्हाई," संपत म्हणाला, "पोरीची नववी पळून चालली."

बेबीनंदानं भाकर त्याच्या ताटात आदळली. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जसा राग येतो तसा तिला आला.

प्रीती मात्र बापाच्या ताटाशी बसून बोलतच होती. वर्गातली अर्पिता तिच्या पप्पाचा मोबाईल नेणार आहे, समुद्रात व्हिडिओ काढायचेत, ट्रॅकसूटचं माप दिलंय, रात्री हॉलमध्ये सगळ्या मुली एका ओळीत झोपणार.

"अन् महाडला किती वेळ हाये?" बेबीनंदानं विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

"महाडला? अर्धा तास. मॅडम म्हणल्या, तिथं डबे खाऊ अन् लगेच निघू, न्हाईतर समुद्रावर अंधार पडंल." प्रीतीनं भाकरीचा तुकडा मोडला. "तळंच तं हाये, आई. त्याला किती वेळ लागतो बघायला?"

बेबीनंदा उठून भांडी घासायला गेली. घासून घासून पातेल्याचा तळ तिनं पांढरा केला. जिला भूक आहे ती उंबऱ्यात बसलीय आणि जिला भूकच नाही तिच्यापुढं ताट वाढलंय, असं काहीतरी तिच्या आत फिरत होतं. पोटची पोर, नऊ महिने वागवलेली. तिच्या दुखल्या-खुपल्याला रात्री जागवलेल्या. आणि आता तिच्या पायांकडं बघितलं तरी मनात येत होतं की हे पाय त्या पायऱ्यांवर उभे राहणार, आणि ते पायऱ्यांकडं बघणारसुद्धा नाहीत. तिची आई जात्यावर एक ओवी म्हणायची, ती आज नको तेव्हा ओठावर आली :

*दुसऱ्याच्या गाडीला गं, घुंगराची जोडी*
*माझ्या काळजात बाई, हेव्याची काडी*

आईच्या ओवीतली दुसरी म्हणजे जाऊ असायची, नाहीतर शेजारीण. लेकीसाठी ओवी नव्हती. असं कुणी कधी जात्यापाशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

शनिवारी प्रीती दोनदा फॉर्म घेऊन आली. पहिल्यांदा बेबीनंदाच्या हाताला पीठ होतं, दुसऱ्यांदा पेन सापडत नव्हता. पेन फळीवरच होता, दोघींच्या डोळ्यांसमोर.

"आई, तुला जाऊ द्यायचं न्हाई का मला?"

"मी कुठं असं म्हणले? ठिव तो कागद माझ्याजवळ. करते."

रविवारी सकाळी दोघी साळूबाईच्या शेतात वेचणीला गेल्या. साळूबाई गावातली जुनी शेतकरीण, साठी ओलांडलेली, जिभेला धार असलेली. मार्गशीर्षातलं ऊन कोवळं होतं आणि बोंडं अशी फुटली होती की रानभर कुणी वाती वळून ठेवल्यासारखं दिसत होतं. प्रत्येकीनं कमरेला ओटी बांधली. साडीच्या जुन्या पदराची ही झोळी, वेचलेला कापूस तीत टाकायचा आणि भरली की बांधावरच्या गाठोड्यात रिकामी करायची. बेबीनंदानं ओटीच्या आत, निऱ्यांत, तो कागद खोचलेला होता. घरी ठेवला तर पोरगी बापाची सही घेईल, हे तिला माहीत होतं. आपल्याला काय करायचंय ते मात्र तिला माहीत नव्हतं.

या रानात एक रीत होती. जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली झाडांची ओळ, आधी संपते तिनं बांधावर बसायचं नाही. मागं राहिलेलीच्या पातीत पलीकडच्या टोकानं शिरायचं आणि वेचत वेचत तिच्या समोर यायचं. दोघी मधे भेटल्या की पात संपली. प्रीतीचे हात झरझर चालायचे. दर खेपेला तिची पात आधी उरकायची आणि ती समोरून यायची, तोंडभर बोलत.

"आई, समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का गं? अर्पिता म्हणती, डोळ्यात गेलं की मिरचीवाणी झोंबतं."

"मला काय माहीत? मी कुठं बघितला?"

"मी आले की सांगते तुला."

सांगते तुला. पोर मायेनंच म्हणाली होती. पण बेबीनंदाला ते बोंडाच्या वाळल्या टोकासारखं नखात शिरलं. म्हणजे आता लेक सांगणार आणि आपण ऐकणार. पुष्पाबाईचं ऐकलं, सगळ्यांचं ऐकलं, आता हिचंही.

ओटी भरली होती. ती बांधावर गेली आणि गाठोड्यावर वाकली. निऱ्या सैल झाल्या. कापसाच्या लोंढ्याबरोबर तो पिवळा कागद घसरला आणि पांढऱ्यात जाऊन पडला. एकतीस नंबर वर होता. हात नुसता लांबवला असता तरी मिळाला असता.

बेबीनंदानं इकडंतिकडं बघितलं. मग ओटीतला उरलेला कापूस त्याच्यावर झटकला, आणि परत पातीत गेली. पुढचा तास तिचे हात कधी नव्हे इतके जलद चालले.

चार वाजता कापूस मोजला गेला आणि गाठोडी टेम्पोतून साळूबाईच्या घरी गेली.

दिवेलागणीला प्रीतीनं फॉर्म मागितला.

"हितंच तं ठिवला होता," बेबीनंदा म्हणाली.

पोरीनं फळी बघितली, पेटी बघितली, दप्तर उलटं केलं, गाद्या झटकल्या. आईवर तिनं एकदाही शंका घेतली नाही. उलट स्वतःलाच बोलत होती, "मीच कुठंतरी ठिवला असंल. मला मेलीला अक्कल न्हाई." मग दाराशी बसून गुडघ्यात तोंड घातलं. रडण्याचा आवाज नव्हता, पाठ तेवढी हलत होती.

आणि बेबीनंदाच्या तोंडून निघून गेलं, "उंदरानं नेला असंल माय. लई उंदीर झालेत घरात."

बोलली, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं.

हे वाक्य तिचं नव्हतं. ती सातवीत असताना शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला निघाली होती, एका रात्रीच्या मुक्कामाची. तिनं शेण्या विकून पैसे जमवले होते. चिठ्ठीवर आईचा अंगठा तेवढा राहिला होता. आणि आदल्या दिवशी चिठ्ठीच गेली. आई म्हणाली होती, उंदरानं नेली असंल माय, लई उंदीर झालेत घरात. त्या रात्री छोट्या बेबीनंदानं काठी घेऊन कणगीमागं उंदीर शोधला होता. पंचवीस वर्षं तिनं त्या उंदरावर विश्वास ठेवला. आई गेली, तिला विहिरीकाठच्या जागेत माती दिली, तरी उंदीर जिवंत होता. आणि आज, स्वतःच्याच तोंडून, तो उंदीर कोण होता ते तिला कळलं.

आईनं तरी कुठं काय बघितलं होतं? माहेर, सासर आणि मधला रस्ता.

"कुठं चाललीस?" संपतनं विचारलं.

"आलेच," म्हणून ती निघाली.

साळूबाईच्या घराची पुढची खोली या दिवसांत कापसानं छतापर्यंत भरायची. आजची गाठोडी दाराजवळच रिकामी केली होती. खोलीत पिवळा बल्ब जळत होता. बेबीनंदा चपला काढून आत शिरली आणि मांडीपर्यंत बुडाली. दोन्ही हातांनी ओंजळी भरायच्या, झटकायच्या, मागं टाकायच्या. थोडा उकरला की वरून आणखी ढासळायचा. अंगाला खाज सुटली. पांढरं, पांढरं, पांढरं, त्याला काठच नव्हता. समुद्र असाच असंल, तिला वाटलं, आणि या मेल्या वेळीही हे मनात यावं याचं तिला हसू आलं.

"कोण हाये?" दारात साळूबाई उभी होती, हातात बॅटरी.

"मी हाये काकू. बेबीनंदा."

"सांजच्या पारी कापसात? काय न्यायला आलीस?"

बोलण्यातला काटा बेबीनंदाला लागला. या घरातून असा प्रश्न आपल्यालाच विचारला जातो, हेही तिला माहीत होतं. ती सरळ उभी राहिली.

"तुमचं काही न्यायला न्हाई आले. माझंच राह्यलंय. कागद."

"कागद? अगं, कापसात केस सापडला तं व्यापारी भाव पाडतो, अन् तू कागद टाकला? कसला?"

"पोरीच्या सहलीचा. उद्या शाळेत द्यायचाय."

"पडला का टाकला?"

साळूबाईनं सहजच विचारलं होतं. पडला म्हणून भागलं असतं. पण बेबीनंदाला वाटलं, इथं पडला म्हटलं की आणखी एक उंदीर जन्माला येईल.

"टाकला," ती म्हणाली.

साळूबाईनं बॅटरी तिच्या तोंडावर धरली, मग खाली घेतली.

"लेकीवर जळलीस व्हय," ती म्हणाली, वांगी महागली म्हणावं तशी.

बेबीनंदानं मान हलवली. मग पैशांचं, खिडकीच्या सीटचं, अर्ध्या तासाचं, सगळंच बोलून गेली. बोलताना हात कापूस उपसतच होते.

साळूबाई उंबऱ्यावर टेकली. "मी सुनेवर जळते," ती म्हणाली. "दैवशालीवर. तिला गाडी चालवता येती. स्कुटीवर भोकरदनला जाती, मी मागं बसते डोळे मिटून. उतरले की तिला बोलते, काय गं, केवढ्या जोरात चालवतीस, लाज हाये का न्हाई. अन् मनात म्हणते, रांडे, अजून जोरात जाय." तिनं लुगडं वर खोचलं. "सरक तिकडं. दोघी शोधू. अन् माझा कापूस तुडवू नको बिलकुल."

एक इकडून, एक तिकडून, पातीत वेचावं तसं त्या दोघी उपसत मधे आल्या. बेबीनंदाच्या पायाखाली काहीतरी कुरकुरलं. कागद चुरगळला होता, पण शिक्का शाबूत होता, नंबर शाबूत होता.

"घे," साळूबाई म्हणाली. "अन् त्याची किमत धरून कापूस मोजताना अर्धा किलो कमी धरला असता मी, पण जाऊ दे."

घरी येईपर्यंत बेबीनंदानं तो तळहातावर ठेवून दहा वेळा सरळ केला, पदरानं पुसला.

"सापडला," तिनं सांगितलं.

प्रीती उठून बसली. डोळे सुजले होते. "कुठं होता?"

"कणगीमागं."

"उंदरानं नेल्ता?"

"हाव," बेबीनंदा म्हणाली. फळीवरचा पेन घेतला आणि सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर दाबून.

सोमवारी डबा रिकामा झाला. पुष्पाबाईला जाऊन सांगितलं, तेव्हा तिनं वहीत रेघ ओढली आणि विचारलं, "खिडकीची सीट दीपमालाला देऊ का मंग?"

"द्या," बेबीनंदा म्हणाली. दीपमालाचा हेवा करायची ताकद तिच्यात त्या दिवशी उरली नव्हती. तो हेवा दुसऱ्या दिवशी आला.

निघायच्या पहाटे तिनं दुधातल्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. संपतनं जास्तीच्या पाळ्यांतून आणलेले बूट प्रीतीनं घातले, ते एक माप मोठे होते, म्हणून पुढं कापूस घातला. शाळेपुढं लाल बस उभी होती आणि मुली खिडक्यांतून ओरडत होत्या. प्रीतीला खिडकी मिळाली होती. बेबीनंदानं हात हलवला. बस गेली, धूळ बसली, बाकीच्या आया डोळे पुसत घरी निघाल्या. तिचे डोळे कोरडे होते. ती रस्त्याकडं अशी बघत होती जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या चुलीच्या धुराकडं बघतं.

*लेक चालली गावाला गं, चाक लागलं वाटंला*
*मन माझं गं सवत, आधी बसलं पाटाला*

चार दिवस ती रोज मनातल्या मनात बसमधून गेली. तिसऱ्या दिवशी मॅडमनं पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. तळ्याच्या काठी पंचेचाळीस मुली, हातात डबे. प्रीती मागच्या ओळीत, अर्धी झाकलेली, दुसरीकडंच बघून हसणारी. बेबीनंदानं संपतच्या मोबाईलवर तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. पोरीला बाजूला सारून मागचं पाणी बघितलं. पाणी हिरवं होतं. हिरवं म्हणणारी पुष्पाबाईच खरं बोलत होती.

प्रीती परतली ती काळवंडून, घसा बसवून, पिशवीत शिंपल्यांचा ढीग घेऊन. आठवडाभर घरात समुद्रच समुद्र. बेबीनंदानं तळ्याचं काही विचारलं नाही. विचारलं तर आवाज कसा निघेल याची तिला खात्री नव्हती.

पुढच्या रविवारी दोघी पुन्हा साळूबाईच्या रानात गेल्या. प्रीतीची पात संपली, ती रीतीप्रमाणं समोरून आली. दोघींमधे चार झाडं उरली तेव्हा बेबीनंदा खाली बघतच बोलली,

"प्रीते, तो फॉर्म उंदरानं न्हवता नेला. मी टाकला होता. कापसात."

प्रीतीचे हात थांबले नाहीत. "मला माहीत हाये."

"कसं?"

"त्याला कापूस चिकटलेला होता, आई. उंदराला काय वेचणीला लावलंय का कुणी?"

बेबीनंदाला हसूही आलं आणि मान वर करवेना. "मंग बोलली का न्हाईस?"

"तू सही केल्ती ना." पोरीनं एक बोंड वेचलं, ओटीत टाकलं. मग म्हणाली, "अन् पैशाचं मला बसमधी कळलं. अर्पिताच्या आईनं तिला सांगितल्तं, महाडच्या यादीतून तुझं नाव काढलं म्हणून. तू मला सांगितलं असतंस तं..."

"तं काय? न्हाई गेली असती?"

प्रीतीनं खरोखर विचार केला. "गेलेच असते," ती म्हणाली.

या उत्तरानं बेबीनंदाला का बरं वाटलं, ते तिला कळलं नाही. माझीच हाये, एवढं मात्र मनात आलं.

"मंग आता सांग," ती म्हणाली. "तळ्याला पायऱ्या किती हायेत?"

"मोजल्या न्हाईत."

"पाण्याला हात लावला?"

"लावला. गार होतं. मंग मॅडमनी शिटी मारली."

"अन् पायऱ्या न्हाई मोजल्या."

"न्हाई गं आई."

"मोजायच्या होत्या," बेबीनंदा म्हणाली. शेवटचं झाड दोघींच्या मधे होतं. त्याच्यावर चारच बोंडं उरली होती. तिनं चारही आधी खुडली, लेकीचा हात पोचायच्या आत, आणि स्वतःच्या ओटीत टाकली.